सोल्डरची तार निवडताना : शिसे, धूर आणि घरातली माणसे

निवृत्तीनंतर हाती सोल्डरिंग आयर्न घेणारी मंडळी आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. कुणी तरुणपणी जमवलेले व्हॉल्व्हचे रेडिओ पुन्हा बोलते करतात, कुणी आळीतल्या लोकांचे बंद पडलेले चार्जर आणि टॉर्च मोबदला न घेता दुरुस्त करून देतात, तर एखाद्या निवृत्त विज्ञानशिक्षिका सुट्टीत मुलांना गोळा करून साधी सर्किटे जोडायला शिकवतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रस्त्यावर सुटे भाग निवडणाऱ्या गर्दीत पिकल्या केसांची माणसे हमखास आढळतात. बोटांना काम, बुद्धीला खाद्य आणि आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतो ही जाणीव, या तिन्ही गोष्टी एका छंदातून मिळत असतील, तर डॉक्टरने त्याचे स्वागतच करायला हवे.

घरातल्या माणसांचा सूर मात्र पुष्कळदा वेगळा असतो. ‘डॉक्टर, बाबांचे ते शिशाचे काम आता बंद करायला सांगा,’ अशी मागणी घेऊन मुले-सुना दवाखान्यात येतात आणि शेजारी बसलेले बाबा खाली मान घालून गप्प असतात. अशा वेळी मी दोन्ही पक्षांना एकच विनंती करतो : पुढच्या वेळी येताना तारेचे रीळ बरोबर आणा. त्यावरचे लेबल वाचल्याखेरीज आणि घरात कोण कोण राहते हे विचारल्याखेरीज या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. एका घराला योग्य असलेली तार दुसऱ्या घरात अपायकारक ठरू शकते. आजच्या लेखात ही निवड कशी करावी, ते पाहू.

तारेत असते तरी काय?

सोल्डर म्हणजे आपल्या जुन्या भाषेतला डाख. हे तंत्र आपल्या घरांना अपरिचित नव्हते. कल्हईवाला पितळेचे भांडे तापवून त्यावर नवसागराची पूड फिरवी आणि मग कथील लावी. नवसागराने धातूवरचा मळ निघे आणि कथील सर्वत्र सारखे पसरे. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातील तारेतही याच दोन गोष्टी एकत्र असतात. बाहेरचा धातू जोड धरून ठेवतो आणि तारेच्या पोकळीत भरलेला फ्लक्स तांब्यावरचा ऑक्साइडचा थर दूर करतो. नवसागराची जागा येथे बहुधा राळेने घेतलेली असते. ही राळ पाइन वृक्षाच्या चिकापासून मिळते. लेबलवर तिला ‘रोझिन’ किंवा ‘कोलोफोनी’ म्हटलेले असते.

धातूच्या दृष्टीने तारेचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला शिसेयुक्त. यात ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेली ‘६०/४०’ तार सर्वांत परिचित आहे. ती १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते आणि १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळते. तिचीच बहीण असलेली ‘६३/३७’ तार थेट १८३ अंशांनाच वितळते आणि त्याच तापमानाला घट्ट होते. दुसरा प्रकार शिसेविरहित. त्यात ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्का तांबे असलेली तार २२७ अंशांना वितळते, ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे असलेली तार २१७ ते २२० अंशांदरम्यान वितळते. चांदीमुळे ती महाग पडते.

युरोपीय महासंघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशावर मर्यादा घातली. भारतातही २०१२ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी ठरावीक उपकरणांतील शिशासाठी वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा आणली. हे बंधन उपकरणे तयार करणाऱ्यांवर आहे, छंद म्हणून काम करणाऱ्याच्या हातातील तारेवर नाही. त्यामुळे शिसेयुक्त तार दुकानात आजही सहज मिळते आणि निवडीची जबाबदारी आपल्यावर येते.

शिसे हातातून तोंडात जाते

सर्वसाधारण समजूत अशी की, सोल्डरिंग करताना उठणारा धूर हा शिशाचा असतो. ही समजूत चुकीची आहे. आयर्नचे टोक साधारण ३५० अंशांपर्यंत तापते. शिसे उकळण्यासाठी १,७०० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे घरगुती कामात शिशाची वाफ नगण्य असते. डोळ्यांना दिसणारा धूर जळणाऱ्या राळेचा असतो. त्याचा विचार पुढे करू.

शिसे शरीरात शिरते ते बोटांवरून. तार हाताळताना तिचा सूक्ष्म अंश कातडीवर आणि नखांत राहतो. काम करता करता चहाचा कप उचलला, बिस्कीट खाल्ले, विडी ओढली किंवा तळहातावर तंबाखू मळली, की तो अंश तोंडात जातो. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तार दातांत धरून काम करणारी माणसेही मी पाहिली आहेत. शिसेयुक्त तारेबाबत याहून वाईट सवय नाही. टेबलावर आणि जमिनीवर पडलेले सोल्डरचे मणी, कापलेल्या तारांचे तुकडे आणि बारीक धूळ हा दुसरा मार्ग. रांगणाऱ्या मुलाला जमिनीवरची प्रत्येक चकाकती वस्तू तोंडात घालावीशी वाटते, हे आजी-आजोबांना सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही. गिळलेल्या शिशापैकी लहान मुलाच्या शरीरात जो भाग शोषला जातो, तो प्रौढाच्या तुलनेत चार ते पाच पट असतो. मुलाच्या वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो पुढे भरून निघत नाही. गर्भवती स्त्रीच्या रक्तातील शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते, आणि आपल्याकडील स्त्रिया व मुलांमध्ये लोहाची कमतरता किती सर्रास आढळते, हे वेगळे सांगायला नको.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. शरीरात शिरलेले शिसे रक्तात साधारण महिना-दोन महिनेच टिकते. उरलेले हाडांत जाऊन बसते. प्रौढाच्या शरीरातील शिशाचा ९० टक्क्यांहून अधिक साठा हाडांत असतो आणि तो तेथे दशकानुदशके राहतो. उतारवयात हाडे विरळ होऊ लागली, किंवा दुखण्यामुळे माणूस अनेक आठवडे अंथरुणाला खिळला, की या साठ्यातील काही भाग पुन्हा रक्तात उतरतो. ज्यांचे आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात, बॅटरीच्या कारखान्यात किंवा रंगकामात गेले, त्यांच्या हाडांत अशी जुनी ठेव असण्याची शक्यता अधिक. रक्तदाब वाढणे आणि मूत्रपिंडांचे कार्य मंदावणे यांच्याशी शिशाचा संबंध सिद्ध झालेला आहे. अशा व्यक्तींनी त्या ठेवीत नवी भर टाकू नये.

धूर राळेचा, आणि दम्याचे कारण

‘मी शिसेविरहित तार आणली, आता काळजी नाही,’ असे म्हणणाऱ्यांचा येथे गोंधळ होतो. तारेत शिसे नसले तरी राळ असतेच. शिसेविरहित तारेला अधिक उष्णता लागते आणि तिच्यात फ्लक्सचे प्रमाणही काही वेळा जास्त असते. म्हणजे शिशाचा प्रश्न सुटतो. धुराचा सुटत नाही, किंबहुना थोडा वाढतोच.

राळेच्या धुरामुळे दमा होऊ शकतो, ही गोष्ट ब्रिटनमधील इलेक्ट्रॉनिक कारखान्यांतील कामगारांच्या १९७० च्या दशकातील अभ्यासांतून पुढे आली आणि आज तो व्यवसायजन्य दम्याच्या सुपरिचित कारणांपैकी एक मानला जातो. घरी आठवड्यातून दोन तास काम करणाऱ्याला कारखान्यातील कामगाराइतका धोका नसतो, हे खरे. पण ज्याला आधीच दमा किंवा जुना श्वासविकार आहे, त्याला थोडा धूरही पुरतो. आणि एकदा का शरीर राळेविषयी संवेदनशील झाले, की पुढे अगदी अल्प धुरानेही झटका येऊ शकतो.

हे ओळखण्यात एक अडचण आहे. त्रास नेहमी कामाच्या वेळीच होतो असे नाही. दुपारी सोल्डरिंग केले आणि खोकला व छातीतली घरघर संध्याकाळी किंवा मध्यरात्री सुरू झाली, असे अनेकदा घडते. त्यामुळे रुग्णाला दोन्ही गोष्टींचा संबंध लागत नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रात्रीच्या खोकल्यासाठी माझ्याकडे येत. लेकीकडे महिनाभर राहायला गेले की खोकला थांबे, घरी परतल्यावर आठवड्याभरात पुन्हा सुरू होई. त्यांच्या पत्नीने वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या म्हणून हे ध्यानात आले. घरच्या टेबलावरील रेडिओचे काम आणि रात्रीचा खोकला या तारखा एकमेकींशी जुळत होत्या. काळजी घेणाऱ्यांनी अशी साधी वही ठेवली, तर डॉक्टरचे निम्मे काम होते.

त्वचेवरूनही एक खूण मिळते. जखमेवर लावायच्या काही चिकटपट्ट्यांत राळ असते. अशी पट्टी लावल्यावर ज्यांच्या कातडीवर खाज येऊन पुरळ उठते, त्यांना राळेची ॲलर्जी असू शकते. त्यांनी राळयुक्त सोल्डर वापरण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

लेबल कसे वाचावे?

चांगल्या तारेच्या रिळावर किमान चार गोष्टी छापलेल्या असतात : मिश्रधातूचे प्रमाण, तारेची जाडी, फ्लक्सचा प्रकार व टक्केवारी, आणि उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक. कथिलासाठी ‘एसएन’ आणि शिशासाठी ‘पीबी’ ही रासायनिक चिन्हे इंग्रजी अक्षरांत असतात. पुढचा आकडा टक्केवारी दाखवतो. यांपैकी काहीच नसलेली सुटी गुंडाळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

याचे कारण समजून घ्या. कथील शिशापेक्षा कितीतरी पटींनी महाग असते. त्यामुळे हलक्या तारेत कथील कमी आणि शिसे जास्त घालण्याचा मोह उत्पादकाला होतो. कथील ६० ऐवजी ४० टक्के झाले, की तार पूर्ण वितळण्यासाठी २३० अंशांहून अधिक उष्णता लागते. मग सोल्डर पसरण्याऐवजी त्याची गोळी होते, जोड भुरकट आणि खडबडीत दिसतो. काम करणारा आयर्न अधिक तापवतो, वरून डबीतली पेस्ट लावतो, तोच जोड तीन-तीनदा करतो. परिणामी हाताला शिसे जास्त, नाकाला धूर जास्त आणि जोडही कच्चा. निकृष्ट तारेने दोन पैसे वाचतात, ते असे फिटतात. शिसेयुक्त तारेचा चांगला जोड गुळगुळीत व चकचकीत दिसतो. शिसेविरहित तारेचा जोड मुळातच किंचित निस्तेज असतो. तो दोष समजू नये.

फ्लक्स राळेचा आहे की आम्लाचा, हे अवश्य पाहावे. नळकाम आणि पत्र्याच्या कामासाठी झिंक क्लोराइडसारखे आम्लधर्मी फ्लक्स मिळतात. त्यांची वाफ घशाला आणि डोळ्यांना झोंबते आणि त्यांचा अंश सर्किटवर राहिल्यास तांबे गंजते. इलेक्ट्रॉनिक्ससाठी ते वापरू नयेत. ‘नो-क्लीन’ या शब्दाचा अर्थ जोडावरचे अवशेष पुसावे लागत नाहीत, एवढाच. त्यात राळ नाही असा नव्हे.

जाडीबाबत सांगायचे तर, सर्वसाधारण कामासाठी २२ गेजची, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीची तार सोयीची असते. १८ गेजची तार जवळजवळ १.२ मिलिमीटर जाड असते. ती जाड वायरींना ठीक, पण सर्किट बोर्डावर तिचा फार मोठा थेंब पडतो. रीळ लहान घ्यावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या शिसेयुक्त तारेवर राखाडी थर चढतो आणि तो बोटांना काळा लागतो. अशी तार वापरू नये.

आपल्या घराला कोणती तार?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माझे उत्तर घर पाहून बदलते.

घरात सहा-सात वर्षांखालील मूल, गर्भवती किंवा अंगावर पाजणारी स्त्री असेल, किंवा कामासाठी स्वतंत्र खोली नसेल, तर शिसेयुक्त तार घरात आणूच नये. कथील-तांब्याची शिसेविरहित तार घ्यावी. तिच्यावर हात बसायला थोडे दिवस लागतात, पण तडजोडीला येथे जागा नाही. मुलांना शिकवण्यासाठीही हीच तार वापरावी.

ज्यांना उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, अथवा ज्यांची नोकरी शिशाच्या सहवासात गेली, त्यांनीही शिसेविरहित तारच वापरलेली बरी.

ज्यांना दमा किंवा जुना श्वासविकार आहे, त्यांच्यासाठी धातूपेक्षा फ्लक्स महत्त्वाचा. राळ नसलेल्या फ्लक्सची तार मिळते. ती मागून घ्यावी. तिलाही धूर असतो, म्हणून धूर ओढून बाहेर टाकण्याची व्यवस्था हवीच. राळेमुळेच दमा होतो असे तपासणीत ठरले असेल, तर मात्र राळेचा धूर पूर्ण वर्ज्य करावा. अशा वेळी आराखडा काढणे, दोष शोधणे आणि मीटर लावून तपासणे ही कामे स्वतःकडे ठेवून प्रत्यक्ष डाख देण्याचे काम दुसऱ्या कुणी वेगळ्या जागी करावे. छंदाचा बहुतेक आनंद शिल्लक राहतो.

घरात दोघेच ज्येष्ठ, कामाला स्वतंत्र खोली, छाती ठीक, आणि हात थोडे थरथरणारे, अशी स्थिती असेल तर ६३/३७ ची राळयुक्त तार वापरायला माझी हरकत नसते. ६०/४० ची तार घट्ट होताना काही क्षण ना धड पातळ ना धड घट्ट अशा अवस्थेत असते. तेवढ्यात हात हलला की जोड कच्चा राहतो. ६३/३७ मध्ये ही अवस्था नसते. कंप असलेल्या हातांना त्याचा फायदा होतो आणि कामही कमी उष्णतेत होते. अट एकच, हातांची स्वच्छता कसोशीने पाळावी. नातवंडे सुट्टीला येण्याआधी मात्र टेबल पुसून, रीळ आणि कचरा कुलूपबंद करावा.

एक गोष्ट सर्वांसाठी. आपण शिसेविरहित तार आणली, तरी जुन्या रेडिओचे किंवा २००६ पूर्वीच्या उपकरणांचे जोड बहुधा शिशाचेच असतात. ते उकलताना तीच खबरदारी घ्यावी.

आणि आणखी एक. घरात सोल्डरिंग येणारा माणूस असला, की गळका डबा, चहाची गाळणी किंवा पितळेचे पातेले त्याच्यापुढे येतेच. अन्न किंवा पाणी ज्याला लागते अशा वस्तूला इलेक्ट्रॉनिक्सचा शिसेयुक्त डाख कधीही लावू नये. पिण्याच्या पाण्याच्या नळजोडांत शिसेयुक्त सोल्डर वापरण्यास अमेरिकेने १९८६ मध्येच बंदी घातली, ती याच कारणासाठी. प्रेमाने केलेली ही दुरुस्ती रोजच्या आंबट आमटीतून घरभर शिसे वाटत राहील.

डोळे, धूर आणि टेबल

ज्येष्ठांना धुराचा त्रास अधिक होण्यामागे पुष्कळदा डोळ्यांचे कारण असते. बारीक जोड दिसत नाही म्हणून माणूस वाकतो आणि चेहरा नेमका धुराच्या रेषेत येतो. मोतीबिंदू असेल तर आणखी वाकावे लागते. म्हणून या छंदाची तयारी नेत्रतपासणीपासून करावी. हाताच्या अंतरावरचे काम स्पष्ट दिसेल असा चष्मा चष्मेवाल्याकडून करून घ्यावा. दिवा बसवलेले, स्टँडवरचे मोठे भिंग आणि वस्तू पकडून ठेवणारा चिमट्यांचा स्टँड घ्यावा. चष्म्यामुळे उडणाऱ्या ठिणगीसारख्या थेंबापासून आणि कापलेल्या तारेच्या तुकड्यापासून डोळ्याचे रक्षणही होते.

टेबल खिडकीशी असावे. बाजूला लहान पंखा असा ठेवावा, की तो धूर आपल्यापासून दूर ओढून खिडकीबाहेर टाकील. छताचा पंखा धूर खोलीभर पसरवतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क या धुराला अडवत नाही. चांगल्या बसणाऱ्या एन-९५ मास्कने कण अडतात, वायू नव्हे. त्यावर विसंबून बंद खोलीत काम करू नये. आयर्न गरजेपेक्षा अधिक तापवू नये. सर्किट बोर्डासाठी २५ वॉटचे आयर्न बहुधा पुरते. तापमान ठरवता येणारे घेता आले तर उत्तम.

जेवणाचे टेबल, स्वयंपाकाचा ओटा आणि पलंग या जागा सोल्डरिंगसाठी नाहीत. कामाच्या वेळी चहा, पाणी, तंबाखू, सुपारी दूर ठेवावी. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत, नखे घासावीत, मगच दुसऱ्या वस्तूला हात लावावा. टेबल आणि जमीन ओल्या फडक्याने पुसावी. झाडूने धूळ उडते. ते फडके घरातल्या इतर कामांना वापरू नये. सोल्डरचे मणी व तुकडे झाकणाच्या डब्यात साठवून ई-कचऱ्यात द्यावेत.

मधुमेह, पेसमेकर आणि ऑक्सिजन

मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर चटका बसल्याचे उशिरा कळते. अशांनी आयर्नसाठी जड बुडाचा, न कलंडणारा स्टँड वापरावा आणि कामानंतर बोटे नीट निरखून पाहावीत. भाजल्यास त्या जागेवर २० मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. मधुमेही व्यक्तीची जखम लहान वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

पेसमेकर असलेल्यांनी पिस्तुलाच्या आकाराची ट्रान्सफॉर्मरची सोल्डरिंग गन टाळावी, कारण तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. साधे आयर्नही छातीजवळ नेऊ नये. किती अंतर राखायचे ते पेसमेकरच्या पुस्तिकेत असते. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून ते निश्चित करून घ्यावे. घरी ऑक्सिजन सुरू असलेल्या रुग्णाने सोल्डरिंग करू नये आणि त्याच्या खोलीत इतर कुणीही करू नये. तेथे आगीचा धोका आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

काम केलेल्या दिवशी रात्री खोकला, छातीत घरघर, नाक गळणे किंवा डोळ्यांची जळजळ वारंवार होत असेल, आणि काही दिवस काम थांबवल्यावर बरे वाटत असेल, तर फुप्फुसांची स्पायरोमेट्री करून घ्यावी. डॉक्टरांना छंदाविषयी आपणहून सांगावे. आम्ही नोकरी विचारतो. छंद विचारायचा राहून जातो.

शिशाची लक्षणे मोघम असतात : पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, रक्तक्षय, चिडचिड, विसराळूपणा. यांतील प्रत्येक लक्षणाला उतारवयात दहा इतर कारणेही असतात. म्हणून तर्क करीत बसण्यापेक्षा शिरेतून रक्त घेऊन शिशाची पातळी तपासावी. ती प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आल्यास शिशाचा उगम शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते. उगम शोधताना सारा दोष सोल्डरवर ढकलू नये. नागभस्मासारखी धातुयुक्त औषधे, जुन्या भिंतींचा सुटणारा रंग, सुट्या हळदीतील लेड क्रोमेटची भेसळ याही दिशांना पाहावे. घरात मूल असेल तर त्याचीही तपासणी करावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

वृद्धापकाळी माणसाकडून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. आधी नोकरी, मग स्कूटर, मग जिन्याची चढउतार. काही गोष्टी काढून घ्याव्याच लागतात. त्याला इलाज नसतो. सोल्डरिंगच्या टेबलाबाबत मात्र बहुतेक घरांत इलाज असतो, आणि तो योग्य तारेचे एक लहान रीळ, खिडकीशी ठेवलेला पंखा, डोळ्यांना जुळणारा चष्मा आणि साबणाची वडी एवढ्यात मावतो. धोका दाखवून द्या, पण त्यासोबत हा उपायही हाती द्या. पुढच्या वेळी दुकानात बाबांबरोबर जा, रिळावरचे बारीक अक्षर त्यांना वाचून दाखवा आणि कोणती तार घ्यायची हे त्यांनाच ठरवू द्या. नातवाच्या काळजीपोटी स्वतःहून शिसेविरहित तार मागणारे आजोबा मी पाहिले आहेत. त्यांना ते कुणी आज्ञा म्हणून सांगितले नव्हते. कारण समजावून दिले होते, एवढेच.